देव्हाऱ्यातली हातोडी

एकदा एक व्यापारी एका वृद्ध साधूकडे तक्रार घेऊन आला. पण तक्रार कोणाविरुद्ध करावी, हेच त्याला ठरवता येईना.

साधूची झोपडी नदीच्या वळणावर होती. गावातली माणसे त्याला नुसते बाबा म्हणत. बाबांजवळ एक तरुण शिष्य राहत असे. तो पाणी भरी, अंगण झाडी, आणि बाबांच्या मुखातून काही ज्ञानाचे शब्द बाहेर पडतात का याची वाट पाही. बाबा मुळातच कमी बोलत. त्यामुळे बिचाऱ्याचा बराचसा वेळ वाट पाहण्यातच जाई.

व्यापाऱ्याचा तांब्याची भांडी घडवण्याचा कारखाना होता. हंडे, कळश्या, घंगाळी, बंब तिथे घडत आणि दूरदूरच्या बाजारांत जात. त्याला सगळे शेठ म्हणत. माणूस मनाने चांगला होता. म्हणूनच त्या दिवशी तो इतका दुखावलेला होता.

"बाबा, माझ्याकडे नारोबा म्हणून एक कारागीर आहे," शेठ बसता बसता म्हणाला. "भांडं घडून झालं की लहान हातोडीनं त्याच्या अंगावर ठोक्याशेजारी ठोका देत जातात ना, ते मठारकाम त्याच्यासारखं कुणाचं नाही. त्याच्या हातचं घंगाळं उन्हात ठेवलं तर बघणाऱ्याचे डोळे दिपतात. माझं नाव झालं ते त्याच्या हातामुळं. हे मी चार लोकांत सांगतो."

"चांगलं करता," बाबा म्हणाले.

"नुसतं सांगत नाही, बाबा. गेल्या खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं पुजली. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर नारोबाला फेटा बांधला. म्हटलं, पुष्कळ झिजलास. आता तू कारभारी. जमिनीवर बसायचं नाही, धुरात बसायचं नाही. गादीवर बसायचं आणि दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवायची. पगार वाढवला. आणि त्याची हातोडी..." शेठ जरा पुढे सरकला. "त्याची हातोडी मी पूजेतून परत उचललीच नाही. कारखान्याच्या देव्हाऱ्यात देवांशेजारी ठेवली. रोज तिला हळदकुंकू वाहतो. कोणता मालक इतकं करतो, सांगा."

शिष्याने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्यालाही वाटले, खरेच, कोण करतो?

"मग?" बाबांनी विचारले.

"मग काय! दिवाळीपासून माणूस बिघडला. कुणाचंच काम त्याला पसंत नाही. श्रीपतीच्या अंगावर ओरडतो, दगडूवर ओरडतो. जेवायला सगळ्यांत बसत नाही. आणि आता म्हणतो, मी चाललो. पलीकडच्या गावात एक लहानसा कारखाना आहे, तिथं जमिनीवर बसून काम करणार. तेही कमी पगारावर! येत्या बाजाराच्या दिवशी निघतोय. मी विचारलं, काय कमी पडलं? तर मान खाली घालून म्हणतो, काही नाही."

"गादीवर बसून दिवसभर काय करतो?"

"काही नाही. बसतो. बोटांनी गादीच्या कडेवर ठक ठक करत राहतो. त्या बाजूचं कापड विरलंय पार."

शेठला वाटले, आता काहीतरी तोडगा मिळणार. बाबा म्हणाले, "उद्या माझं एक भांडं दुरुस्तीला पाठवतो. तेवढं करून द्या."

शेठ चपापला. त्याच्या कारखान्यात जुन्या भांड्यांची दुरुस्ती होत नसे. पण बाबांना नाही कसे म्हणणार? नमस्कार करून तो उठला.

तो गेल्यावर शिष्याला राहवले नाही. "कृतघ्न माणूस आहे, बाबा. एवढा मान मिळाला तरी समाधान नाही."

"असेल," बाबा म्हणाले. "आपला हंडा आण बरं."

झोपडीत एकच मोठे भांडे होते, पाण्याचा तांब्याचा हंडा. शिष्य रोज सकाळी तो चिंच लावून घासत असे आणि त्यात आपले तोंड दिसले म्हणजे मनात जरा सुखावत असे. त्याने हंडा आणून बाबांपुढे ठेवला. बाबा आत गेले आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आले.

"जरा सरक," ते म्हणाले, आणि वरवंटा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी हंड्याच्या पोटावर घातला.

"बाबा!"

हंड्याला वीतभर पोचा आला. बाबांनी तो फिरवला आणि पुन्हा घातला. मग काठावर. मग गळ्याजवळ. म्हातारपणामुळे त्यांना धाप लागत होती, तरी थांबत नव्हते. शिष्य कधी बाबांकडे पाही, कधी हंड्याकडे. शेवटी हंडा असा दिसू लागला की भंगारवाल्यानेही तो उलटून पाहिला नसता.

"आता बरा झाला," बाबा खाली बसत म्हणाले. "उद्या हा कारखान्यात ने. नारोबाच्याच हातात दे. दुसरा कुणी मागेल तर देऊ नको. नारोबा म्हणाला, दुसऱ्याकडे दे, तरी देऊ नको."

"पण बाबा, तो आता कारभारी आहे. त्याच्यापुढं असलं भांडं ठेवायचं म्हणजे सगळ्यांदेखत त्याचा अपमान होईल."

"होईल कदाचित. मी येतोच तुझ्यामागून."

शिष्य त्या रात्री नीट जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो हंडा खांद्यावर घेऊन तांबट आळीतून निघाला, तेव्हा लोक थांबून पाहू लागले. कारखान्याच्या दारातच श्रीपती नावाच्या कारागिराने त्याला अडवले.

"काय हो महाराज, हत्तीनं पाय दिला का?"

"बाबांचा हंडा आहे. दुरुस्तीला."

"हा? हा दुरुस्त करण्यापेक्षा नवा घडवलेला सोपा! ए दगडू, बघ रे, बाबांचा हंडा बघ."

भट्टीजवळ भाता ओढणाऱ्या दगडूने मान वर केली, हसला, आणि पुन्हा भाता ओढू लागला. कोपऱ्यात भांडी चमकवत बसलेली तुळसाबाई म्हणाली, "अरे, तो बिचारा उन्हातनं आलाय. आधी पाणी द्या, मग दात काढा." तशी सगळी माणसे आपापल्या कामाला लागली. श्रीपतीने निमूट पाणी आणून दिले.

नारोबा गादीवर बसला होता. फेटा कडक, सदरा पांढरा. त्याच्या मागे देव्हारा होता, आणि देवांच्या शेजारी कुंकवाने माखलेली एक लहान हातोडी.

शिष्याने हंडा त्याच्यापुढे ठेवला.

"श्रीपतीकडं द्या," नारोबा न पाहताच म्हणाला.

"बाबांनी तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय."

"मी आता काम करत नाही, महाराज. मी कारभारी आहे."

"बाबांनी सांगितलंय," शिष्य म्हणाला.

हातोड्यांचे आवाज एकेक करून थांबले. नारोबाचा चेहरा लाल झाला. शिष्याला वाटले, आता हा उठून आपल्याला बाहेर काढणार. पण नारोबाने हात पुढे केला आणि हंडा आपल्याकडे ओढला. त्याने तो मांडीवर घेतला, फिरवला, आणि एका पोच्यावरून अंगठा नेला. मग दुसऱ्यावरून. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू बदलत गेली.

"हा पडला नाही," तो म्हणाला. "हा कुणीतरी मारलाय."

शिष्याने नजर खाली वळवली.

"आणि मारणारा म्हातारा आहे. ठोका मोठा, पण दमून दमून घातलेला." त्याने वर पाहिले. "बाबांनी?"

शिष्याला खोटे बोलता येत नव्हते. त्याने मान हलवली.

आणि नारोबा हसला. त्याला हसताना कारखान्याने बऱ्याच महिन्यांत पाहिले नव्हते. श्रीपती तर हातातले काम सोडून उभाच राहिला.

"निघतील," नारोबा हंड्याला म्हणावे तसे म्हणाला. "निघतील हे पोचे. हातोडी द्या बरं." श्रीपतीने लगबगीने आपली हातोडी पुढे केली. नारोबाने ती हातात तोलून पाहिली आणि परत दिली. "नाही रे. दुसऱ्याची हाताला बसत नाही."

मग सगळ्यांच्या नजरा देव्हाऱ्याकडे गेल्या, आणि कुणी जागचे हलले नाही. पुजलेल्या वस्तूला हात कोणी लावायचा?

याच वेळी बाबा शेठबरोबर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी आत पाहिले आणि शेठला म्हणाले, "तेवढी हातोडी काढून द्या त्याला."

"बाबा, ती देवाजवळ ठेवलेली आहे. रोज पूजा होते तिची."

"म्हणूनच तुम्हीच काढा."

शेठ देव्हाऱ्यापाशी गेला. हातोडीवर कुंकवाचा जाड थर बसला होता. दांड्याला सुकलेले झेंडूचे फूल चिकटले होते. ते त्याने नखाने काढले. हातोडी घेऊन तो नारोबाकडे वळला.

"कारभारी, ही तुमची..." तो थांबला. "नारोबा, घे रे."

नारोबाने फेटा उतरवून गादीवर ठेवला. मग तो खाली जमिनीवर बसला, ऐरणीवर हंडा टेकवला, धोतराच्या सोग्याने हातोडी पुसली आणि पहिला ठोका दिला.

ठोका चुकला.

दुसरा दिला. तोही पाहिजे तिथे पडला नाही. हंड्यावर एक वेडीवाकडी खूण उमटली. तांबट आळीतल्या लहान मुलालाही तो आवाज चुकीचा आहे हे कळले असते. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिले. नारोबाने हातोडी खाली ठेवली.

"हातातलं कसब गेलं वाटतं," तो अगदी हळू म्हणाला. "ह्याचीच भीती होती मला. म्हणून निघालो होतो. म्हटलं, सगळंच जायच्या आत कुठंतरी जाऊन बसावं."

शेठने हे ऐकले आणि तो भिंतीला टेकला.

तुळसाबाई जागेवरूनच म्हणाली, "नारोबादादा, भट्टी थंड पडली तर दगडू काय रडत बसतो होय? भाता ओढतो. तुम्ही मारा ठोके. आम्ही बघत नाही. ए, सगळे आपापलं काम करा!"

पुन्हा हातोड्या सुरू झाल्या. त्या आवाजाच्या आडोशाला बसून नारोबाने पुन्हा सुरुवात केली. काही ठोके बरे पडले, काही पडले नाहीत. त्याने बैठक बदलली, कोपर अंगाजवळ घेतले. मग केव्हातरी त्याच्या हातोडीचा आवाज बदलला. तो बारीक, एकसारखा, खणखणीत झाला. शिष्याला त्या कामातले काही कळत नव्हते, पण बाकीच्या हातोड्या त्या आवाजाशी आपली लय जुळवू लागल्या, हे त्याच्याही ध्यानात आले. हंड्याचा पहिला पोचा वर आला.

शेठ नारोबासमोर जमिनीवर बसला. "बोलला का नाहीस मला?"

नारोबाने हात थांबवला नाही. "काय बोलू, शेठ? तुम्ही इतक्या मायेनं दिलं. माझी म्हातारी आई गावभर सांगत फिरली, पोरगा गादीवर बसला म्हणून. तुमच्या तोंडावर नको म्हणण्यापेक्षा मला गाव सोडणं सोपं वाटलं."

शेठने बाबांकडे पाहिले. "बाबा, माझं चुकलं कुठं? मी तर त्याचं भलंच केलं."

बाबा उंबऱ्यावर टेकले. "शेठ, लहानपणी तुम्ही काय करत होता?"

"डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन गावोगाव फिरत होतो. पाय भाजायचे. कुणाच्या ओसरीवर गादी दिसली की वाटायचं, एक दिवस आपणही..." शेठ बोलता बोलता थांबला.

"गादीची भूक तुम्हाला होती," बाबा सावकाश म्हणाले. "म्हणून तुम्हाला वाटलं, जगातली सर्वांत मोठी वस्तू गादीच. ती तुम्ही त्याला दिली. मनापासून दिली, त्यात खोट नाही. पण त्याची भूक त्याच्या हातात होती. माणसाला जे उत्तम येतं ते करायला मिळणं, हा त्याच्या जगण्यातला मोठा आनंद असतो. तो काढून घेऊन तुम्ही त्याजागी मान ठेवलात. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, शेठ, आणि दसरा झाला की पुन्हा कामाला लावतो. काम करणार आहेत म्हणूनच पुजतो. तुम्ही हातोडी देव्हाऱ्यात ठेवलीत आणि माणूस गादीवर ठेवलात. दोघांनाही रोज हळदकुंकू वाहिलंत. दोघंही गंजायला लागले."

नारोबाची हातोडी तेवढी चालू होती.

"मग आता काय करू? गादी काढून टाकू?"

"मला काय विचारता? मी कधी हंडा घडवलाय? मला तो फोडता येतो फक्त." बाबांनी नारोबाकडे बोट दाखवले. "त्याला विचारा."

शेठ वळला. मालक असूनही त्याला तो प्रश्न विचारताना अवघडल्यासारखे झाले. "नारोबा, तुला काय करायचंय?"

नारोबाने हातोडी मांडीवर ठेवली. उत्तर त्याच्याजवळ तयार होते. आजवर कुणी मागितले नव्हते. "मला जमिनीवर बसू द्या. श्रीपतीला माझ्या शेजारी बसवा. त्याच्या हातात काम आहे, पण मी लांबून ओरडलो की तो आणखी चुकतो. शेजारी बसला तर बघून शिकेल."

"शिकेन की," श्रीपती म्हणाला. "तुम्ही ओरडू नका म्हणजे झालं."

"ओरडेन. पण हळू."

सगळे हसले. "आणि देखरेख?" शेठने विचारले. "ती कोण करणार?"

"ती आजवर कोण करतंय?" नारोबा म्हणाला. "मी गादीवर बसून ओरडायचो, पण भांडणं मिटायची ती तुळसाबाईच्या शब्दानं. कुणाला काय द्यायचं, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी काय झालंय, सगळं तिला ठाऊक. मघाशी पाहिलंत ना? ती दोन शब्द बोलली आणि सगळे कामाला लागले."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तुळसाबाईच्या हातांना चिंच आणि राख लागलेली होती. ती घाईघाईने पदर सावरू लागली. "मला नका हो कुठं बसवू. त्या मऊ गादीवर माझी पाठ धरेल."

"मग कशावर बसशील?" शेठने विचारले.

शेठ थट्टा करत नव्हता, हे तिच्या लक्षात आले. "पाट द्या," ती म्हणाली. "दाराजवळ. म्हणजे येणारं जाणारं दिसेल."

शेठने स्वतः पाट आणून दाराजवळ ठेवला. मग तो तिथेच उभा राहिला. आपल्याच कारखान्यात तो आज पहिल्यांदा आल्यासारखा एकेकाकडे पाहत होता. पाहता पाहता त्याची नजर भट्टीकडे गेली. दगडू खाली मान घालून भाता ओढत होता. कारखाना सुरू झाला तेव्हापासून तो भाताच ओढत होता. शेठ त्याच्याकडे चालत गेला आणि त्याच्याजवळ, राखेत, उकिडवा बसला.

दगडूने भात्याचा दांडा सोडला आणि तो ताडकन उठून उभा राहिला.

"शेठ, माझं काही चुकलं का?"

इतक्या वर्षांत आपण ह्या माणसाजवळ गेलो ते फक्त त्याचे चुकले तेव्हाच, हे शेठला एकदम दिसले.

"नाही रे," तो म्हणाला. "बस. तुला आणखी काय काय येतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं."

दगडूने एकदा नारोबाकडे पाहिले, एकदा तुळसाबाईकडे. त्याला खात्री वाटेना. त्याने हात अंगावर पुसले आणि तो सावकाश खाली बसला. मग तो खालच्या आवाजात बोलू लागला. शेठ मान हलवत ऐकत होता.

उंबऱ्यावर बसलेल्या बाबांच्या शेजारी शिष्य येऊन बसला. दगडू काय सांगत होता, ते हातोड्यांच्या आवाजात त्याला ऐकू आले नाही. त्याने ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही. भट्टी हळूहळू निवत चालली होती, आणि तिकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी त्यांतल्या एकाजवळ, त्याचे काही चुकलेले नसताना, एकदा जाऊन बसावे.